पहारा बंद होणार नाही

आमच्या ऑफिसातल्या मुख्य कॉम्प्युटरवरचा पहारा बंद करा, असा सल्ला मला आजवर पुष्कळांनी दिला आहे. इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांनी दिला, ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्या दुकानदाराने दिला, आणि ज्यांनी दिलेल्या पगारावर माझं घर चालतं त्या आमच्या मालकांनी, अण्णांनी तर टेबलावर हात आपटून दिला. मी पहारा बंद केला नाही. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि ज्या सोमवारी तो जवळजवळ बंद झालाच होता त्या सोमवारचा राग अजून माझ्या मनात शिल्लक आहे.

आधी आमचा धंदा सांगते. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, खाली मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. आम्ही चांदीच्या दागिन्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. हुपरीचे कारखानदार कागदावर काढलेलं चित्र किंवा एखादं जुनं पैंजण घेऊन येतात. आम्ही त्याचं मॉडेल स्क्रीनवर उभं करतो, मग मशीनमधून त्याचा मेणाचा नमुना निघतो आणि त्यावरून पुढे चांदीचं ओतकाम होतं. हे कारखानदार एकमेकांचे स्पर्धक, आणि वर एकमेकांचे सोयरेही. एकाचं डिझाइन दुसऱ्याच्या हाती लागलं तर ते आपसांत भांडत नाहीत, आमच्या ऑफिसात येऊन आमच्याशी भांडतात.

आणि एकदा तसं झालं. एका कारखान्याचं नवं पैंजण बाजारात यायच्या आधीच दुसऱ्याच्या काउंटरवर दिसलं. तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना सगळं उघडं होतं, पासवर्ड भिंतीवर कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. कुणी नेलं ते कळायला काही मार्गच नव्हता. मग जे होतं तेच झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. नेसरीहून आलेली एक पोरगी आमच्याकडे डिझाइन करायची. वयाने सगळ्यांत लहान, हाताने सगळ्यांत चलाख, आणि कोल्हापुरात मागे कुणी नाही. अण्णांनी सगळ्यांसमोर तिचा पेन ड्राइव्ह मागून घेतला. त्यात तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो निघाले. कुणी माफी मागितली नाही, कुणी तिला चोरही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीतून उठली की बाकीच्यांच्या माना वर व्हायच्या. महिनाभरात तिने काम सोडलं.

तिने काही केलेलं नाही हे मला माहीत होतं. पण मला माहीत असून काय उपयोग? दाखवायला हातात काही नको का? म्हणून मी पहारा बसवायचं ठरवलं. आमचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो आणि लिनक्समध्ये सेलिनक्स नावाची एक व्यवस्था असते. नेहमीचा पासवर्ड फक्त 'तू कोण' एवढं विचारतो. सेलिनक्स प्रत्येक फाइलवर आणि प्रत्येक चालू प्रोग्रामवर एक लेबल लावतं. कुठल्या लेबलाच्या प्रोग्रामने कुठल्या लेबलाच्या फाइलला हात लावायचा, याचे नियम ठरलेले. नियमात नसेल तर नाही म्हणजे नाही, मग मालक का असेना. आणि जे जे अडवलं त्याची नोंद राहते. मी ते शिकले, रडतखडत शिकले, प्रत्येक कारखान्याचं काम वेगळ्या कुंपणात ठेवलं, आणि कोण कुठल्या कुंपणात गेलं त्याचीही नोंद होईल अशी सोय केली. मग नेसरीला फोन केला, आता परत ये म्हणून. ती मला अक्का म्हणते, त्यांच्याकडे कर्नाटकाची हद्द जवळ. म्हणाली, "अक्का, परत काय झालं तर परत मलाच बगणार. ते तुमचं खरंच समद्यांवर चालायला लागलं की सांगा."

अण्णांनाही मी विचारून ठेवलं होतं. पहारा महिनाभर सुरळीत चालला तर तिला परत घ्यायचं, हे त्यांनी कबूल केलं होतं. महिना भरत आला होता. त्याच सोमवारी मी सकाळी ऑफिसात आले, डिझाइनचा प्रोग्राम उघडला आणि तो डोळा मिचकावल्यासारखा उघडून लगेच बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

शेजारी बसणारा डिझायनर म्हणाला, "कार्ड गेलं." नवं ग्राफिक्स कार्ड बसवून आठवडाही झाला नव्हता. मी तपासलं. कार्ड ठणठणीत होतं, ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी बोलणारं सॉफ्टवेअर, जागेवर होतं. फक्त प्रोग्रामला ते दिसत नव्हतं. अशा वेळी एक साधी परीक्षा असते. पहारा क्षणभर 'परमिसिव्ह' करायचा. म्हणजे पहारेकरी उभा राहतो, लिहूनही घेतो, पण अडवत कुणालाच नाही. तसं केलं आणि प्रोग्राम उघडला. काळ्या पडद्यावर पैंजणाची सगळी घुंगरं एकदम लखलखली.

मागे अण्णा येऊन उभे होते. म्हणाले, "झालं की. चालू झालं."

"झालं न्हाय अण्णा," मी म्हटलं, "फक्त कुणामुळं अडलंय ते कळलं." आणि मी पहारा परत चालू केला. घुंगरं गेली, पडदा काळा.

त्यानंतर जे झालं त्याला आमच्याकडे खडाजंगी म्हणतात. दुपारी हुपरीचे एक कारखानदार मॉडेल बघायला यायचे होते, स्वतः, स्क्रीनवर फिरवून बघायला. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "अडवत न्हाय पण लिहितंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की तसंच. लिहिल्यालं पुरं."

"चोर आला असं लिहून घेतो आणि त्याला दार उघडून देतो, असला वॉचमन तुमी बंगल्यावर ठेवाल का?"

"ताई, वॉचमन माझ्या पावण्यालाच आत सोडंना झालाय. पैंजण दावायचं कसं? ते दुपारी यायच्या आत चालू करा. न्हायतर पहारा बंद. कायमचा. मला असली कटकट नको." आणि टेबलावर हात आपटला, तो हाच.

कायमचा म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पहारा गेला की नेसरीची पोरगी गेली. आणि उद्या पुन्हा एखादं डिझाइन बाहेर गेलं की पुन्हा एखादा पेन ड्राइव्ह सगळ्यांसमोर मागितला जाणार. कदाचित या वेळी माझा.

माझ्या या हट्टाचं मूळ आमच्या घरात आहे. माझे वडील, आबा, हुपरीत चांदीच्या कारखान्यात कामाला होते. आम्ही हातकणंगल्याला राहायचो, ते रोज सायकलने जायचे. कारखान्यात संध्याकाळी सुटताना एक रीत असायची. प्रत्येक कारागीर दारातल्या घमेल्यात हात धुणार, ते पाणी फेकायचं नाही, कारण त्यात चांदीचा कीस असतो. मग चादरीवर उभं राहून अंगावरचे कपडे झटकायचे आणि जेवणाचा डबा उघडून दाखवायचा. आबा तिथले सगळ्यांत जुने. एकदा मालक त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमी कशाला झटकताय? तुमी घरचं माणूस. जावा तसंच." बाकीच्या कारागिरांना वाटलं, काय मान मिळाला. आबा चादरीवरून हलले नाहीत. म्हणाले, "घरचा हाय म्हणूनच झटकतो मालक. उद्या चांदी कमी भरली, तर न झटकल्याला मी एकटाच हाय."

लहानपणी मला त्या झटकण्याची लाज वाटायची. माझ्या बापाला रोज झडती देऊन घरी यावं लागतं, हे मी वर्गात कुणाला कधी सांगितलं नाही. नोकरीला लागल्यावर, नेसरीच्या पोरीचं सगळं बघितल्यावर मला कळलं की ती झडती त्यांची ढाल होती. तिला कुणी ढाल दिली नव्हती. कोल्हापुरात माणसं तोंडावर बोलतात, शिवीही तोंडावर देतात, पण संशय मात्र कुणी तोंडावर बोलत नाही. तो डबा उघडल्याशिवाय जात नाही.

तर त्या सोमवारी मी कामाला लागले. पहिल्यांदा इंटरनेट बघितलं आणि डोकं फिरलं. ज्याला म्हणून ही अडचण आली त्याला उत्तर एकच, पहारा बंद करून टाका, आणि खाली आभार मानणाऱ्यांची रांग. डोकं दुखतंय का, डोकंच काढा. त्यातल्या त्यात शहाणे होते त्यांनी दुसरा उपाय दिला होता. अडवल्याच्या नोंदी एका हत्याराला खायला घालायच्या, ते आपोआप परवानगीचा नियम तयार करून देतं, तो लावून टाकायचा. मी तो नियम तयार करून नुसता वाचला. त्यात लिहिलं होतं की डिझाइनच्या प्रोग्रामला इथून पुढे कुणाच्याही होम फोल्डरमधून, म्हणजे ज्याच्या त्याच्या खासगी जागेतून, काहीही उचलून चालवायची मुभा आहे. एका फाइलसाठी सगळ्या घरांची दारं उघडी. मी तो पुसून टाकला आणि नोंदी मुळातून वाचायला बसले.

तिथं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार नव्हता. पहारेकऱ्याने सगळं नीट लिहून ठेवलं होतं, आपण वाचत नाही ही गोष्ट वेगळी. ड्रायव्हरची मुख्य फाइल होती योग्य जागी, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, पण तिच्यावर लेबल होतं होम फोल्डरचं. माजघरात उभी राहून ती सांगत होती की मी अंगणातली आहे. पहारेकऱ्याने जागा बघितली नाही, लेबल बघितलं आणि अडवलं. बरोबर केलं. प्रश्न एवढाच होता, की घरची फाइल तिथं आणली कुणी? शोधलं तर ती अण्णांच्या खात्यातून आली होती. अण्णा तर कॉम्प्युटरवर पत्ते सोडून काही खेळत नाहीत.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "अण्णा, काल रविवारी मशीनवर कोण बसलं होतं?"

"कोण न्हाय," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पावणं बसलं होतं तेवढं."

पावणं म्हणजे अण्णांचे जावई. पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत. रविवारी सासुरवाडीला जेवायला आले, जेवण झाल्यावर सासऱ्यांचं ऑफिस बघायला आले, नवं कार्ड जरा धिमं वाटलं म्हणून आपल्या हाताने ताजा ड्रायव्हर उतरवून बसवून गेले. सिस्टिममध्ये बदल करायचा माझा पासवर्ड मी विश्वासाने एकट्या अण्णांकडे दिलेला, तो अण्णांनी त्यांच्या हातावर ठेवला. आता यात कुणाला काय सांगायचं? आमच्याकडे जावई चपला घालून माजघरात आला तरी सासू चपलांचं कौतुक करते. जावई हा दहावा ग्रह, त्याला कोण विचारणार? विचारणं सोडा, तो मोजण्यातही येत नाही. कोण बसलं होतं म्हटलं तर कोण न्हाय.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते जुनं डिझाइन बाहेर गेलं तेव्हाही अण्णांनी हेच सांगितलं होतं. मशीनवर आपली माणसं सोडून कोण बसलं होतं? कोण न्हाय. आणि ते डिझाइन बाहेर दिसायच्या आधीच्या दिवाळीला पावणं चार दिवस इथंच होते, रोज ऑफिसात येऊन बसायचे. त्यांनी काही नेलं असं मी म्हणत नाही, आजही म्हणत नाही, मला माहीत नाही. पण त्यांचा पेन ड्राइव्ह कुणी मागितला नव्हता. मागितला फक्त नेसरीच्या पोरीचा. त्या केबिनमध्ये उभी राहून मला संताप आला आणि मी म्हटलं, पावण्यांना फोन लावा, आत्ता.

अण्णांनी पावण्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. पावणं फार गोड बोलतात. म्हणाले, "मॅडम, एवढं कशाला टेन्शन घेता? सेलिनक्स डिसेबल करून टाका ना. सगळे तेच करतात."

मी म्हटलं, "सगळे काय करतात ते मला इथं बसून रोज दिसतं. तुम्ही फाइल कॉपी केली की मूव्ह केली, तेवढं सांगा."

मूव्ह केली होती. एवढ्याशा गोष्टीत सगळं रामायण होतं. फाइल कॉपी केली की नवी प्रत तयार होते आणि तिला नव्या जागेचं लेबल मिळतं. उचलून नेली की ती आपलं जुनं लेबल घेऊनच येते. मी सिस्टिमला सांगितलं की या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलला तिच्या जागेचं लेबल नव्याने लाव. एका ओळीचं काम. मग प्रोग्राम उघडला. या वेळी तो उघडा राहिला, पण पैंजणाच्या जागी नुसता काळा चौकोन.

डिझायनर चुकचुकला. अण्णा घड्याळाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ताठा सोडावा, बंद करावा, दुपार निभावून न्यावी. खरंच वाटलं. मग परत नोंदी उघडल्या, तर अडवण्याचं नवं कारण लिहिलेलं. या वेळी ड्रायव्हरची फाइल नव्हे, खुद्द कार्डाकडे जायची वाट अडली होती. पावण्यांनी जाता जाता अजून एक उपकार करून ठेवला होता. कॉम्प्युटर सुरू होताना कार्डाची वाट उघडून देणारी एक छोटी स्क्रिप्ट त्यांनी हाताने लिहून घातली होती. वाट उघडत होती, पण तिच्यावर कार्डाचं लेबल नव्हतं, भलतंच होतं. हे काम सिस्टिम स्वतः करते आणि बरोबर लेबल लावून करते. कुणी मध्ये हात घातला नाही म्हणजे झालं. मी ती स्क्रिप्ट काढून टाकली आणि मशीन बंद करून परत चालू केलं.

ते चालू होत असतानाच जिन्यावर हुपरीच्या कारखानदारांचा आवाज आला. ते जिना चढतानाच बोलायला सुरुवात करतात. अण्णा मला हळूच म्हणाले, "ताई, आता तरी करा बंद." मी नकारार्थी मान हलवली. कारखानदार आत आले, खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी प्रोग्राम उघडला. कडी दिसली, साखळी दिसली, मग एक एक घुंगरू. मी पैंजण फिरवून दाखवलं. पहारा चालू होता, मी दोनदा तपासलं होतं.

कारखानदारांनी पैंजण सगळ्या बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "हे दुसरं कोण बगत न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं. "आणि कुणी बघितलं तर कोण ते सांगता येतंय. माझंसुद्धा."

"मागल्या खेपेला असं काय न्हवतं तुमच्याकडं."

"न्हवतं," मी म्हटलं, आणि अण्णांकडे बघितलं. अण्णा चहा सांगायला बाहेर गेले.

संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्वर मऊ होता. म्हणाले, ठीक आहे, पहारा राहू दे. फक्त पावणं पुढल्या महिन्यात परत येणार, त्यांच्यापुरती जरा सूट ठेवा. घरचं माणूस आहे, बरं दिसत नाही. आणि तुम्हीही आमच्या घरच्याच की, तुमच्यामागे कशाला लिहून ठेवायचं, तुमचंही नाव त्यातून काढा.

मी म्हटलं, "अण्णा, पावण्यांनी यावं, जेवावं, ऑफिसात बसून चहा घ्यावा. मशीनला हात लावायचा तर त्यांचं वेगळं खातं काढते, आमच्यासारखंच नोंदीतलं. सूट कुणाला न्हाय. आणि माझं नाव काढलंत तर मी उद्यापासून येत न्हाय."

"जावयाचं बी लिहिणार तुमी?"

"व्हय."

अण्णांनी टेबलावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाले, "पासवर्ड बदला. मला बी देऊ नका." एवढंच. चूक झाली वगैरे ते कधी म्हणाले नाहीत, आणि नेसरीच्या पोरीची माफीही त्यांनी आजपर्यंत मागितलेली नाही. ते मी विसरलेले नाही.

ऑफिसातून निघाल्यावर बस स्टँडच्या वाटेवर मी तिला फोन लावला. मागे म्हशी हंबरत होत्या, धारेची वेळ होती. मी सांगितलं, चालू झालं, आता कायमचं चालू. कोण कुठल्या फाइलला हात लावतं ते सगळं नोंदीत राहतं. तुझं राहील, माझं राहील, अण्णांचं राहील.

तिने बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिने एकच विचारलं. "पावण्यांचं?"

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं. चार दिवस कोण तिथं बसलं होतं ते तिने बघितलं होतं, आणि विचारायला कुणी आलंच नव्हतं. तिने सांगितलं असतं तरी तिचं कुणी ऐकलं असतं का, कोण जाणे.

"पावण्यांचं बी," मी म्हटलं. "पयलं त्यांचंच."

"मग फुडल्या सोमवारी येतो, अक्का," ती म्हणाली, आणि धार काढायला गेली.